मोरपंखी दोऱ्याची काठी

मी मासे धरायच्या काठ्या बनवतो. नगर जिल्ह्यात, सोनईच्या अलीकडे, कालव्याला लागून एक लांबट पत्र्याची शेड आहे, तिथं. गावाकडे फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या दूर जाऊन काड्याच बनवतोस का रे? बांबू तर आपल्या घरामागं उभा आहे." तिचं काही चूक नाही. आमचं गाव गोंदियाकडे, तळ्यांच्या मुलखात. बाप मासे धरायचा, आजा मासे धरायचा. काठी लागली की घरामागून तोडून आणायची. त्यात बनवण्यासारखं काय असतं हे मलाही इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

ह्या काठ्या वेगळ्या. ह्यांच्या गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि दोरा बांधून गळाचीच माशी केलेली असते आणि ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर पायापाशी पडेल. फेकायची असते ती जड दोरी. काठीनं दोरी आधी पाठीमागे उडवायची, मग पुढे, आणि दोरीच्या टोकाला माशी अलगद पाण्यावर उतरते. म्हणून काठी वाकली पाहिजे आणि लगेच सरळही झाली पाहिजे. हिमालयाकडच्या नद्यांवर महसीर, ट्राउट धरायला जाणारे हौशी लोक आमच्याकडून अशा काठ्या मापानं करून घेतात. मासा धरतात, फोटो काढतात आणि पाण्यात परत सोडतात. हे शेवटचं मी आईला अजून सांगितलेलं नाही.

शेड सरांची. सर एका कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झाले आणि आयुष्यभराचा हा नाद त्यांनी धंदा करून टाकला. मी आठवीत शाळा सोडलेली. ठेकेदाराबरोबर नगरच्या एमआयडीसीत फायबरच्या नळ्यांच्या कारखान्यात आलो होतो. काचेची कुसं अंगात शिरायची, अंघोळ केली तरी मान खाजत राहायची. सर तिथं नळ्या घ्यायला आले. मी ढिगातली एकेक नळी थोडी वाकवून मांडीवर लोळवत होतो आणि बाजूला काढत होतो. सर बराच वेळ बघत राहिले.

"काय करतोयस हे?"

"पाठ पाहतो, साहेब."

बाप बांबूची पाठ अशीच बघायचा. वाकवून लोळवली की काठी एका जागी आपोआप टुणकन उडी मारते. त्या अंगाला ती जास्त ताठ असते, तीच तिची पाठ. सरांना हे पुस्तकातून माहीत होतं. माझ्या मांडीला माहीत होतं. पुढच्या महिन्यात मी त्यांच्या शेडमध्ये होतो. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. आज माझी मान खाजत नाही ती त्यांच्यामुळे.

काम कसं चालतं ते सांगतो. गिऱ्हाईक फोन करतं. सर विचारतात, पाणी कसलं, वारा असतो का, मासा कोणता. मग गिऱ्हाईक कागदावर आपला पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवतं आणि तो कागद पाठवतं. त्या पंजाच्या मापानं बुचाच्या लाकडाच्या चकत्या चिकटवून, लेथवर घासून मूठ करायची. बूच बाहेरून येतं आणि त्यात खड्डे असतात, म्हणून शंभरातल्या वीसेक चकत्या निवडायच्या. काठीची काळी कार्बनची नळीही बाहेरून येते. तिची पाठ काढून खूण करायची, मग दोरी ओवायच्या कड्या बसवायच्या. मुठीजवळ एक मोठी, वर शेंड्यापर्यंत तारेच्या नागमोडी. कडीचा पाय कानशीनं पातळ करून त्यावर रेशमाचा दोरा गुंडाळायचा, वेढ्याला वेढा लागून, मध्ये केसाचीही फट नको. मग त्यावर पारदर्शक लेप द्यायचा. लेप मधासारखा असतो, आणि तो आवळून घट्ट होईपर्यंत काठी सावकाश फिरत राहिली पाहिजे. त्यासाठी सरांनी जुन्या मायक्रोवेव्हची, आतली काचेची ताटली फिरवणारी मोटर लाकडी घोड्यावर बसवली आहे. ती घूं घूं करत फिरते, काठी तिच्याबरोबर फिरते.

चार वर्षं हे सगळं मी आणि सर असे दोघंच करायचो. गुंडाळायचं बाक खिडकीजवळ होतं आणि तिथं सर बसायचे. पण त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाची कपबशी धरली की ऐकू यायचं. मी मनात ठरवून टाकलेलं होतं की ही जागा आता आपली. कुणी तसं म्हणालं नव्हतं. पण दुसरं होतं कोण?

मग वैनी आल्या.

त्या येवल्याकडच्या, पैठणी विणणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन सोनईत आलेल्या. नवरा टेम्पो चालवतो आणि आमचा माल नगरला कुरियरपर्यंत तोच नेतो. सरांनी त्याला बोलता बोलता विचारलं, रेशमाचा दोरा हाताळणारं कुणी आहे का ओळखीत. तो म्हणाला, "घरीच हाय की. दोरा तर सोडाच, मलाबी गुंडाळती."

पहिल्या दिवशी मी त्यांना दोरा कसा धरायचा ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दाखवलं, की मी दोरा बोटांनी ताणतो तो चुकतो, ताण मनगटानं द्यायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या गुंडाळणीवर सरांनी भिंग धरलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "वा." एवढंच. चार वर्षांत मला सरांकडून "ठीक", "चालेल", "बरं झालंय" हे सगळं मिळालं होतं. "वा" मिळालं नव्हतं. त्या दिवशी डब्यातली भाजी कुठली होती ते मला आठवत नाही, पण ते "वा" आठवतं.

त्यात त्या बारावी झालेल्या. काठीवर मुठीच्या वरती पांढऱ्या शाईनं लांबी, वजन लिहायचं असतं. ते माझ्याकडून कधीच नीट झालं नाही. माझं अक्षर शाळेत राहिलं तिथंच राहिलं. वैनी लिहायच्या तर छापल्यासारखं. वर बोलायला गोड. मला "भाऊ" म्हणायच्या. मी "काहून" म्हटलं की हसायच्या.

"काहून काय भाऊ, का म्हना की. इतकी वर्सं हितं राहून तुमचं काहून जाईना."

"तुमचं हाय-न्हाई कुठं जाते?"

"ते कशाला जाईल, ते हितलंच हाय."

त्या चेष्टेत म्हणाल्या. मी ते घरी घेऊन गेलो, म्हणजे माझ्या खोलीवर, आणि चार दिवस चघळत बसलो. हितलंच हाय.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता एक मोठी ऑर्डर आली. मोठी म्हणजे काठी एकच, पण गिऱ्हाईक असं, की त्याला आवडली तर त्याच्या ओळखीचे सगळे आमच्याकडे येणार. सरांनी नळी मला निवडायला सांगितली. मी तीन नळ्यांतून एक काढली, जी वरच्या तिसऱ्या भागात वाकते पण कंबरेत ताठ राहते. त्याचा पंजा रुंद आणि बोटं आखूड होती, म्हणून मूठ मध्ये जरा फुगीर ठेवली. दोरी गुंडाळायची चकरी बसवायच्या जागेला बाभळीच्या गाभ्याचं लाकूड लावू म्हणालो. सर "चालेल" म्हणाले. दोऱ्याचा रंग मी मरून सुचवला. वैनी म्हणाल्या, "मोरपंखी घ्या सर, आनि कडंला जरीचे दोनच वेढे. काळ्या काठीवर उनात असा दिसंल की बस." सर म्हणाले, "वा."

मग सर आमच्या दोघांसमोर म्हणाले, "माझा हात आता चालत नाही. दिवाळीपासून खिडकीच्या बाकावर तुमच्यापैकी एक जण बसेल. जो बसेल त्यानं काठीवर माझ्या नावाखाली आपल्या नावाची दोन अक्षरं टाकायची. ही काठी होऊ दे, मग ठरवू."

त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नाही. वाटायचं, जेमतेम दोघांपुरतं काम असलेल्या शेडमध्ये वैनी खिडकीशी बसल्या तर मी कशाला हवा? आठवीत शाळा सोडलेल्याला दुसरं कोण ठेवून घेणार? परत त्या नळ्यांच्या कारखान्यात जायचं? आणि ह्या सगळ्या काळजीच्या खाली साधी गोष्ट होती, ती ही की मला ती जागा हवी होती आणि वैनींना मिळू नये असंही हवं होतं. हे दोन वेगवेगळं असतं. मला दुसरं जास्त हवं होतं.

एक गोष्ट माझ्या हातात होती. लेप. लेपाचं काम मी वैनींना शिकवलंच नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा म्हणालो, "बघू, पुढच्या काठीला."

खंडेनवमी आली. मोरपंखी दोऱ्याच्या साऱ्या कड्या वैनींनी गुंडाळून ठेवल्या होत्या. सर म्हणाले, "सकाळी लवकर लेप चढवून टाक. मग पूजा करा आणि दिवसभर अवजाराला हात लावू नका." ते स्वतः नगरला कामाला गेले. मी सकाळी लेप चढवला, स्पिरिटच्या दिव्यावर धरून बुडबुडे घालवले, काठी मोटरवर लावली. घूं घूं सुरू झालं. इतका चांगला लेप माझ्याकडून क्वचित झाला असेल.

नऊच्या सुमारास वैनी ताट घेऊन आल्या. हळदकुंकू, झेंडू, नारळ. कानशी, ब्लेडं, लेथ, सगळं पाटावर मांडून त्यांनी पूजा केली. मग मोटरपाशी आल्या. तिला कुंकू लावायला हात पुढे केला आणि थांबल्या.

"भाऊ, ही बंद करू का? आज अवजार चालवत न्हाईत. आमच्या माहेरी आजच्या दिवशी मागाला कुनी हात सुदीक लावत न्हाई. त्याला इसावा देत्यात."

मला माहीत होतं की ती थांबली तर काय होईल. लेप खाली ओघळेल. दीड-दोन तासांत आवळायला लागेल आणि मग काही करता येणार नाही. "नको, वैनी" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तुमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक. मी परमुलखातला, मी काय सांगणार."

त्यांनी बटण दाबलं. मोटरला कुंकू लावलं, वर एक झेंडू ठेवला, हात जोडले. मी म्हणालो, चहा घेऊन येतो. कालव्याच्या पुलाजवळच्या टपरीवर मी तीन चहा प्यालो. प्रत्येक चहाला वाटत होतं, अजून वेळ आहे, जावं आणि बटण दाबावं. टपरीवाला म्हणाला, "आज लई निवांत?" मी म्हणालो, "सण आहे ना." परत गेलो तेव्हा वैनी नारळ फोडून प्रसाद ठेवून घरी गेल्या होत्या. मी काठीला बोट लावून पाहिलं. बोटाला काही चिकटलं नाही, लेप आवळून गेला होता.

सर दुपारी चारला आले. काठी उचलून उजेडात धरली. प्रत्येक कडीला एकाच बाजूला पोट सुटलेलं होतं. त्यांनी वैनींच्या नवऱ्याला फोन करून त्यांना बोलावून घेतलं.

"मोटर कुणी बंद केली?"

"मी केली सर. अवजारांचा दिवस म्हनून."

सर माझ्याकडे वळले. "तू कुठं होतास?"

"चहाला."

"लेप ओला असताना ती थांबवायची नसते, हे यांना सांगितलं नव्हतंस?"

"राहिलं सांगायचं."

वैनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटावरच्या कानशींकडे पाहिलं. आता त्या म्हणतील, मी विचारलं होतं ह्यांना. आता म्हणतील. त्या काही म्हणाल्या नाहीत. सरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "सगळं काढावं लागेल. परत गुंडाळावं लागेल. वैनी, तुम्ही थोडे दिवस बूच निवडा. खिडकीवर हा बसेल."

तर असं झालं. मला जागा मिळाली.

पहिले दोन दिवस मी लेप तापवून ब्लेडनं सोलत बसलो. खाली नळीला ओरखडा जाऊ नये म्हणून श्वास धरून. मोरपंखी दोऱ्याचे तुकडे माझ्या मांडीवर पडत होते आणि प्रत्येक तुकड्यावर दिसत होतं की कुठं फट नव्हती. मग मी नव्यानं गुंडाळायला घेतलं. खिडकीतून कालवा दिसतो, पलीकडे ऊस. चार वर्षं वाटत होतं की इथून काहीतरी वेगळं दिसत असेल. उजेड चांगला आहे, एवढंच.

माझ्या पाठीमागे वैनी बुचाच्या चकत्या निवडत बसायच्या. बोलायच्या नाहीत. एकदाच बोलल्या. मी दोऱ्याचं टोक जिभेला लावत होतो, तर मागून आवाज आला, "जरीला थुंकी लावू नका. काळी पडंल." मी टोक कापून टाकलं. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि सारखी धास्ती. वैनींचा नवरा टेम्पो घेऊन यायचा, सरांशी बोलत उभा राहायचा, की वाटायचं, आज हा सांगणार. सरांनी हाक मारली की मी आधी वैनींकडे बघायचो. सर फोनवर हळू बोलले तरी माझंच. रात्री झोप लागेना ते वेगळंच. आठ-दहा दिवसांत मी गुंडाळणी पूर्ण केली. बरी झाली होती. जरीपाशी दोन ठिकाणी फट होती, ती भिंगाशिवाय दिसली नसती. लेप चढवला, सहा तास शेजारी बसून राहिलो. मग सर म्हणाले, "आता अक्षरं टाक."

पांढऱ्या शाईची बारीक लेखणी होती. माझी दोन अक्षरं. मी आधी कागदावर पंधरा-वीस वेळा काढली. मग काठी हातात घेतली. लेखणी तिला टेकवायला धजावलो नाही. खोटं कशाला सांगू, पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. एकदा अक्षरं पडली की ती काठीवर कायमची, आणि वैनी उद्या बोलल्या तर सर ती काठी आठवून रोज माझं नाव घेतील, असं काहीतरी डोक्यात आलं. त्यापेक्षा आत्ताच सांगून मोकळं व्हावं. भित्रा माणूस कधीकधी भीतीपोटी खरं बोलतो.

मी लेखणी ठेवली आणि सरांना सांगितलं. वैनींनी विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं, तीन चहा, सगळं. सरांनी काठी माझ्या हातातून घेऊन घोड्यावर ठेवली. मग त्यांनी वैनींना हाक मारली आणि मला म्हणाले, "ह्यांच्यासमोर परत सांग."

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं.

वैनी म्हणाल्या, "मला ठाऊक हाय की. त्याच दिवशी कळलं, 'राहिलं सांगायचं' म्हनाले तेव्हा."

सर म्हणाले, "मग मला का नाही बोललात?"

"काय बोलायचं, सर. मला काढली असती तर मी घरी गेले असते. सासूची दोन वाक्यं ऐकली असती, संपलं. ह्यांना काढलं तर हे कुठं जातील? ह्यांचं गाव पार नकाशाच्या कडंला. हितं ह्यांचं कोन हाय?"

त्यांनी हे कळवळ्यानं म्हटलं. मला ते समजत होतं. पण तेवढ्यानं मला त्यांचा पहिल्यापेक्षा जास्त हेवा वाटला. दोरा त्यांचा चांगला, अक्षर चांगलं, घर इथंच, आणि आता मनही मोठं त्यांचंच. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवतील की नाही असं वाटलं. मी मान खाली घालून उभा होतो आणि मनात हे चाललं होतं.

सरांनी मला काढलं नाही. त्याबद्दल मी त्यांच्या पायाशी आहे, आणि वैनींच्याही, हे लिहायला कष्ट पडतात तरी लिहितो. सर म्हणाले, "ह्यांना लेप शिकव. सगळा. आजच." मी शिकवला. ज्या दोन द्रवांचा लेप होतो ते सिरिंजनं सारखे घ्यायचे, सावकाश ढवळायचं, दिवा किती लांब धरायचा, मोटर सहा तास का थांबवायची नाही. वीज गेली तर हातानं फिरवत बसायचं, हेही सांगितलं. वैनी म्हणाल्या, "एवढंच हुतं व्हय?" एवढंच होतं.

त्या काठीवर कुणाचीच अक्षरं पडली नाहीत. ती सरांच्याच नावानं गेली. दिवाळीनंतर खिडकीवर वैनी बसल्या. तेव्हापासून प्रत्येक काठीवर सरांच्या नावाखाली त्यांची दोन अक्षरं असतात. नळी मी निवडतो, पाठ मी काढतो, पंजाच्या कागदावरून मूठ मी घडवतो. काठी पाण्यावर कशी चालते ते त्याच्यावर ठरतं, पण ते नळीच्या आत आणि बुचाच्या आत राहतं. गिऱ्हाईकं फोन करून म्हणतात, गुंडाळणी काय सुंदर आहे. सर फोन वैनींकडे देतात.

पॅक करण्याआधी काठी शेवटची तपासायचं काम माझ्याकडे आहे. मी भिंग घेऊन बसतो आणि एकेक कडी फिरवतो. खरं सांगायचं तर मी फट शोधत असतो. महिनोन्‌महिने सापडत नाही. परवा सापडली. वरून चौथ्या कडीला, जरीच्या शेजारी, एका वेढ्याची. मी भिंग पुसून परत पाहिलं. होती.

सकाळचे अकरा वाजले होते. मी काठी जपून घोड्यावर ठेवली आणि बुचाच्या चकत्या निवडत बसलो. मी गुणगुणत होतो म्हणे. वैनी म्हणाल्या, "आज भाऊ लई खुशीत हायेत. गावाकडनं फोन आला का काय?" मी म्हणालो, "नाही, असंच."

फट मी त्यांना सांगितली. पण जेवण झाल्यावर सांगितली.